नर्गिसच्या वाफ्यातला लसूण

वामनराव आजोबांनी भाकरीचा तुकडा हिरव्या चटणीला लावला, तोच मुग्धा किंचाळली, "आजोबा, मत खाइए!"

घाबरली की तिच्या तोंडून शाळेतली हिंदीच यायची. चटणी लसणाच्या पातीची होती, आणि ती पात बकुळाकाकूने सकाळी नर्गिसच्या फुलांच्या वाफ्यातून कापून आणली होती. कंदांना कीड लागू नये म्हणून तिथे लसूण लावायला आजोबांनीच सांगितलं होतं, पण कडेकडेने. दहा वर्षांच्या मुग्धाने शहाणपणा करून तो कंदांच्या मधेमधे खोचला. दोन्हींची पानं लांब, चपटी. आणि नर्गिस विषारी, हेही तिला आजोबांनीच शिकवलं होतं.

"मी मधेमधे लावलाय," ती कशीबशी म्हणाली.

काकू फणकारली. "वीस वर्षं या घरात पात कापतेय. मला लसूण कळत नाही होय गं?"

आजोबांनी तुकडा खाली ठेवला. "वाटताना चाखलीस?"

"बोटभर." काकूचा आवाज उतरला.

मुग्धाने वाटी हुंगली. लसूणच लसूण!

"चटणी काय सांगणार?" आजोबा म्हणाले. "वाफ्याला विचार. कापलेला एकेक खुंट चुरड आणि हुंग. दर वेळी हात धू, नाहीतर तुझी बोटंच 'लसूण' म्हणतील."

खुंट सात होते. पहिला लसूण. ती नळाकडे धावली. दुसरा लसूण. काकू पायरीवर पोटावर हात ठेवून बसली होती. सहाव्यापर्यंत थंड पाण्याने मुग्धाची बोटं बधिर झाली. तिने सातवा चुरडला. चिकट रस लागला. वास नुसता गवताचा.

"हा," ती म्हणाली आणि रडू लागली.

आजोबांनी चटणी खड्ड्यात पुरली आणि शहरातल्या खंडेराव गेटजवळच्या डॉक्टरांना फोन लावला. उलटी झाली तर लगेच आणा, तोवर लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. काकू घड्याळाकडे बघत बसली, मुग्धा काकूकडे. बारा वाजले. एक वाजला. कुणी जेवलं नाही.

अडीचला काकू उठली. "मला भूक लागलीय बाई. वरणभात टाकते. आणि आज फोडणीत लसूण नाही!"

तेव्हा कुठे मुग्धा खुरपं घेऊन वाफ्यात उतरली. एकेक रोप हुंगायचं, लसूण असला तर उपटून कडेच्या ओळीत लावायचा. कुकर चढवून काकूही येऊन तिच्याशेजारी उकिडवी बसली.

"दाखव गं," ती म्हणाली, "हुंगायचं कसं ते."