भिंतीतली सपना

शेलूबाजारच्या स्टँडची भिंत रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार हे ऐकलं, तेव्हापासून पंचफुलाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती भाजी घेऊन त्याच भिंतीखाली बसायची, अन् ते काही गिऱ्हाइकासाठी नव्हे. भिंतीवर काचेच्या, चिनीमातीच्या तुकड्यांचं जुनं चित्र होतं, भरल्या बाजाराचं. त्यातली कोपऱ्यातली पोरगी म्हणजे तिची सपना. लहानपणीच तापानं गेलेली. चित्रकारानं तिच्याच फुटक्या बांगड्या त्या पोरीच्या हातात बसवल्या होत्या.

चित्र वाशीमला हलवायचं ठरलं. त्यासाठी जुनी चित्रं जपायचं काम करणाऱ्या, पुण्याहून आलेल्या समीक्षानं चित्रावर सरसानं कापड चिकटवलं, म्हणजे मागून भिंत कापताना तुकडे निखळू नयेत. सपनाच्या तोंडावर कापड बसलं तशी म्हातारी उठली.

"पोरीले श्वास कसा येईन वं?"

"आजी, चित्र आहे ते," समीक्षा म्हणाली. पण कापडाचा तेवढाच भाग भर उन्हात ओला राहिला. तिनं दोनदा हात लावून पाहिला, मग त्या बाजूला फिरकलीच नाही.

ट्रक निघाला. लेकराला घेऊन कुठून निघालं की आपल्याकडं नावानं हाक मारतात, नाहीतर त्याचा जीव तिथंच राहतो. पोरगी उजाड रस्त्यावर एकटी राहील, या धास्तीनं म्हातारीनं हाक दिली, "सपने, चाल वं माय. चाल घरी." आता वाशीमला चाल म्हणायचं, तर घरी म्हणून बसली! मायच ती, दुसरं काय येणार तोंडात?

जीपनं तीही मागोमाग गेली, बहिणीकडं राहिली. दुसऱ्या दिवशी कापड सोडवलं. बाजार तसाच होता, वांग्यांचे ढीग तसेच. सपनाच्या जागी नुसती निळी काच, सलग. एक तुकडा निखळला नव्हता. समीक्षा मोबाईलमधला फोटो अन् चित्र आळीपाळीनं बघत राहिली.

पंचफुलाबाईची पाचावर धारण बसली. मेलेल्या लेकराला घरी बोलावू नये, हे काय तिला माहीत नव्हतं?

परत गावात उतरली तर शेजारची धुरपताबाई वाट अडवून उभी.

"कोनाची पोरगी हाय वं? काल सांजेपासून तुया दारात उभी हाय. माह्याकडं बस म्हटलं, तर म्हनते, मायनंच बलावलं."

पोरगी दारात होती. एक दिवसानंही मोठी झाली नव्हती. म्हातारीला भीती वाटत होती, फार वाटत होती. पण लेकरू कालपासून उपाशी असेल, हे काही केल्या मनातून जाईना.

तिनं कुलूप काढलं. "ये," ती म्हणाली, "आंधी जेवून घे."