माझ्या जाळीवर उरलेलं

पहिलं घमेलं माझ्यावर ओतलं तेव्हा जाळीवर हे उरलं: विटांचे तुकडे तेवीस, सिमेंटची ढेकळं अकरा, काचा नऊ, गंजलेले खिळे सात, तंबाखूच्या रिकाम्या पुड्या पाच, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या मोजता आल्या नाहीत इतक्या, कंगव्याचे चार दात, आणि एक चिकट काळा गोळा. तो गोळा काय होता हे कोणालाच सांगता आलं नाही, पण वासावरून ते कधीतरी कोणाचं तरी जेवण असावं. जाळीतून खाली पडलेली माती एका वाडग्यात मावली असती.

मित्रांनो, मी माती चाळायची एक जुनी चाळण आहे. चार फळ्यांची चौकट आणि तिच्यावर ठोकलेली तारेची जाळी, एवढंच माझं शरीर. जाळीचं एकेक भोक तुमच्या करंगळीच्या नखाएवढं आहे. जे चांगलं असतं ते माझ्यातून खाली निघून जातं, आणि जे कोणालाच नको असतं ते माझ्या अंगावर राहतं. म्हणून माझ्या बोलण्यात किळस दिसली तर रागावू नका.

एका सुताराने मला खोक्याच्या फळ्यांपासून बनवलं. मग मी एका गवंड्याकडे आले आणि कित्येक वर्षं त्याच्यासाठी रेती चाळली. माझ्या रेतीचा गिलावा आरशासारखा होतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. कौतुक तोंडभर करायचा, पण मला धुतलं मात्र एकदाही नाही. भोकं बुजली की थापीच्या पाठीने दोन तडाखे द्यायचा आणि पुन्हा कामाला लावायचा.

आम्ही मिळून बांधलेलं शेवटचं घर रस्त्याच्या टोकाला होतं. लहानसं, पण पुढे-मागे मोकळी जमीन असलेलं. मागच्या जमिनीत चुना भिजवायला एक खड्डा खणलेला होता. चुन्याचं काम संपलं आणि त्या खड्ड्याचं नशीब फिरलं. कामावरची माणसं उरलेलं जेवण त्यात भिरकावायची, पुड्या टाकायची, वरून पचकन थुंकायची. फुटक्या काचा गेल्या, तुटकी चप्पल गेली, एक मेलेला उंदीर शेपटीला धरून कोणीतरी अलगद सोडला. मी शेजारीच उभी होते. पावसाचं पाणी साचलं की खड्ड्यावर हिरवी साय धरायची आणि तिच्यातून बुडबुडे यायचे. शी! आजही आठवलं की माझ्या तारा आखडतात.

ते घर एका रंगाऱ्याचं होतं. त्याचं, त्याच्या बायकोचं आणि मोठ्या बहिणीचं. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवलेल्या ह्या माणसाने आपल्या भिंती स्वतः रंगवल्या, बाहेरून बदामी रंगाने. काम संपल्यावर त्याने तळाला रंग उरलेले डबे, ताठ झालेले ब्रश आणि टर्पेंटाइनने भिजलेली फडकी उचलली आणि सगळं त्या खड्ड्यात ओतलं.

गवंडीसुद्धा चपापला. "अरे, हे तुझंच घर ना?"

"हो की," रंगारी हसला. "हात आपोआप तिकडेच वळतो बघ. टाक वरून माती, दिसायला नको."

गवंड्याने वरून माती ओढली आणि पायाने दाबली. मला मागच्या भिंतीला टेकवून तो निघून गेला, तो परत आलाच नाही.

मग सामान आलं. सामानाबरोबर रंगाऱ्याची बहीण आली, आणि तिच्या मांडीवर तेलाचा एक गंजका डबा होता. डब्यात गुलाब होता. ही बाई इस्पितळात परिचारिका होती आणि सगळं आयुष्य तिने भाड्याच्या, तेही वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांत काढलं होतं. प्रत्येक वेळी खोली बदलताना हा गुलाब असाच मांडीवर बसून यायचा. आता डब्याच्या बुडाच्या भोकातून मुळं बाहेर लोंबत होती.

"अजून एक वर्ष डब्यात राहिला तर मरेल," ती भावजयीला म्हणाली. "ह्याला एकदा जमीन दाखवायची आहे मला."

"दाखवू या की, ताई. मागे सकाळचं ऊन छान येतं," भावजय म्हणाली. ती कपडे शिवायची आणि मोजायची टेप कायम तिच्या गळ्यात असायची. तिने लगेच जमिनीवर टेप धरली. पुढे फुलांचा पट्टा. मागे टोमॅटो, मुळे, पालक आणि कडेला ताईंचा गुलाब.

"आधी मागची जमीन दीड हात खणू," बहीण म्हणाली.

"कशाला उगाच कंबर मोडायची, ताई?" रंगारी घाईघाईने म्हणाला. "वरून चांगली माती पसरतो. वीतभर पुरे."

मला सगळं माहीत होतं. पण चाळणीला एवढी तोंडं असून बोलता एकानेही येत नाही.

त्याने हातगाडीभर लाल माती आणून पसरली. दिसायला ती झकास होती. बहीण दोन दिवस मैत्रिणीकडे गेली तेव्हा त्याने तेलाचा डबा कापून गुलाब स्वतःच लावून टाकला. ताई आल्यावर खूश होईल, आणि खणायची गोष्टही निघणार नाही, असा दुहेरी हिशोब. त्याने लावला नेमका खड्ड्यावर. वरून सगळं सारखंच लाल, आणि तिथली माती मऊ लागली ना!

पुढच्या पट्ट्यात बी उगवलं, रोपं तरारली. मागे मात्र टोमॅटोची रोपं जमिनीकडे बघत उभी राहिली. मुळे उपटले तर बोटाएवढे, वेडेवाकडे, आणि त्यांना असा वास की बहिणीने एक तोंडाजवळ नेऊन तसाच फेकला. गुलाबाची पानं कडेने पिवळी पडली. कळ्या काळ्या होऊन गळल्या. पाणी घातलं की जिरायचंच नाही, आणि साचलेल्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग फिरायचा.

एका सकाळी बहिणीने त्या चिखलात बोट बुडवून नाकाशी नेलं.

"हा वास कसला रे?"

"जमिनीचा असेल," रंगारी म्हणाला.

"जमिनीला टर्पेंटाइनचा वास येतो?"

 तिने कुदळ उचलली. चाळायला काहीतरी हवं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा तिला मी दिसले. तिने हातोडीने माझ्या अंगावरचं सिमेंट ठोकून काढलं, तारेच्या ब्रशने भोकं मोकळी केली. आणि मग ते पहिलं घमेलं आलं, ज्याचा हिशोब मी सुरुवातीला दिला.

दुसऱ्या घमेल्यात ब्रशचे केस होते. त्यांना चिकटलेली वाळलेल्या रंगाची एक जाड साल होती. बहिणीने ती चिमटीत धरली, घराच्या भिंतीजवळ नेली आणि भिंतीला टेकवली. बदामीवर बदामी.

"ओळखतोस?"

रंगाऱ्याने मान खाली घातली. "ताई, आमच्यात सगळेच टाकतात. डबे घरी कोण नेणार? घराच्या मागे खड्डा असतोच."

"प्रत्येक घराच्या?" त्याच्या बायकोने विचारलं.

"बहुतेक."

"म्हणजे अहो, तुम्ही रंगवलेल्या प्रत्येक घरामागे आत्ता कोणीतरी आपल्यासारखंच मुळे लावून बसलंय?"

 बहिणीने गुलाब हलक्या हाताने उपटला. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती, ओढली की त्यांची साल मोज्यासारखी निघून यायची. 

"वॉर्डात मी काय काय नाही पाहिलं," ती म्हणाली. "पण पू असलेल्या जखमेवर स्वच्छ पट्टी बांधून 'बरं झालं' म्हणणारं कोणी नव्हतं रे तिथे."

तिने सडलेली मुळं कापली, फांद्या छाटल्या. वीतभर खुंट उरला, त्यावर फुटव्याचे तीन डोळे. पुढच्या पट्ट्यातली माती बादलीत भरून तिने तो खुंट त्यात खोचला.

"हा जगेल की नाही, मला माहीत नाही. पण जगला तर ह्याला जागा हवी. ती तू करायची."

त्याने ती केली. रोज कामावरून आल्यावर तो खणायचा आणि मला हलवायचा. उंदराचा सांगाडा एका रंगाच्या डब्याखाली सापडला, त्याची हाडंसुद्धा बदामी झाली होती. रंगारी भिंतीला धरून ओकला. मित्रांनो, मला त्याची कीव आली नाही. ती सगळी घाण माझ्या अंगावरून रोज जात होती, आणि मला तर ओकताही येत नाही.

शेजारची बाई वरच्या खिडकीतून विचारायची, "काय हो, सोनं शोधताय का?"

"नाही," रंगाऱ्याची बायको खालून म्हणायची, "तुम्ही काल वरून टाकलेली सालं मोजतोय."

दुसऱ्या दिवसापासून सालं पडायची थांबली.

माझीही एक मर्यादा आहे, ती सांगायला हवी. काच मला अडवता येते, तेल नाही. ते मातीच्या कणाला धरून सरळ खाली उतरतं. म्हणून खड्ड्यातली तेलकट माती चाळून उपयोग नव्हता. ज्या हातगाडीतून लाल माती आली, त्याच गाडीत ती काळी माती आणि डबे भरून रंगाऱ्याने शहराबाहेरच्या केंद्रावर नेले, जिथे असला कचरा वेगळा घेतात. बऱ्याच फेऱ्या झाल्या. मग खड्ड्यात चाळलेली माती, कुजलेली पानं आणि जुनं शेणखत पडलं, आणि बादलीतला खुंट उचलून जमिनीत बसवला गेला.

आता मला धुऊन खुंटीला टांगतात. रंगाऱ्याच्या शिडीला एक पोतं बांधलेलं असतं, रिकामे डबे त्यातून परत येतात. पण त्याने पूर्वी रंगवलेली घरं तशीच आहेत. त्यांच्या मागे काय पुरलं असेल हे मला माहीत आहे. मित्रांनो, तुमच्या हातात रिकामा डबा असेल, फाटकी पिशवी असेल आणि समोर खड्डा असेल, तेव्हा एवढंच आठवा: तुम्ही टाकलेलं कोणाच्या तरी जाळीवर उरणार आहे. आणि हो, काम झालं की आपली अवजारं धूत जा.

काल सकाळी तिघंही मागे आली. बहिणीने खुंटाशेजारची एक घमेलं माती माझ्यावर ओतली, रंगाऱ्याने मला हलवलं, त्याच्या बायकोने गळ्यातली टेप काढली.

जाळीवर: खडे सहा, काच एक, गांडुळं तीन.

खुंटाच्या मधल्या डोळ्यातून एक कोंब. लांबी साडेचार सेंटिमीटर.