काजळीची आंघोळ

मित्रांनो, तामसी गावातल्या एका बांधावर पडलेली जस्ताची जुनी बादली मीच. माझ्या तळाला भोक आहे. गंजून पडलं असेल असं तुम्हाला वाटेल, पण ते मुद्दाम पाडलेलं आहे.

आदिलाबादच्या बाजारात बयनाबाईने मला काठोकाठ पाणी भरून पारखलं. "थेंब गळत नाई," असं म्हणून तिने मला घेतलं आणि मी बसच्या टपावरून तामसीला आले. अंगणातला सडा, बैलांचं पाणी, सगळं माझ्यातूनच होई. पण माझं आवडतं काम म्हणजे कोंबड्यांची आंघोळ.

कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली की तिच्या अंगात उवा शिरतात. मग बयनाबाई कडुलिंबाचा पाला उकळून कोमट पाणी माझ्यात ओती, कोंबडीला मानेपर्यंत बुडवी, पिसं उलटी चोळी आणि उन्हात वाळवून राख लावी. शेजारची मथुराबाई कुंपणावरून हसे. "जावयालेबी कोनी एवढं घासत नाई, बयना."

कोंबड्यांत काजळी तिची लाडकी. काळीभोर, आणि न बोलावता मांडीवर येऊन बसणारी.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. पोळा होऊन गेला होता आणि कपाशीवर अळी पडली होती. बयनाबाईचा नवरा चंपतराव ज्या पिंपात फवारणीचं औषध कालवी ते पिंप त्या सकाळी फुटलं. मला हात लावायचा नाही, अशी बयनाबाईची सक्त ताकीद होती. तरी त्याने मला शेतात नेलं, माझ्यात औषध कालवलं, दोनदा विसळलं आणि गुपचूप खुंटीला टांगलं. एवढ्याने काय होतंय, असं त्याला वाटलं असावं. माझ्या सांध्यांत काय उरलं होतं ते फक्त मला ठाऊक होतं.

दुपारी काजळी टोपल्यातून उठून अंग टोचत फिरू लागली. खाली अकरा अंडी, अठरावा दिवस. ती उठून राहिली तर अंडी गार पडणार. बयनाबाईने घाईने अंड्यांवर कापूस पसरला आणि कडुलिंबाचं कोमट पाणी माझ्यात ओतलं.

कोमट पाण्याने माझ्या सांध्यांतलं औषध सुटू लागलं. कलंडावं, पाणी सांडून द्यावं, असं मला फार वाटलं. पण बादलीला स्वतःहून कलंडता येत नाही. काजळी विश्वासाने पाण्यात उतरली आणि तिने दोन घोट पाणीही घेतलं.

पिसं चोळता चोळता बयनाबाईचा हात थांबला. तिने वास घेतला.

"अवो, या बादलीत काय कालवलं होतं?"

ओसरीवर चंपतराव फवारणीचा पंप पुसत होता. "काई नाई," तो म्हणाला. बयनाबाईने पुन्हा चोळायला घेतलं. थोड्या वेळाने काजळीची मान तिच्या मनगटावर लोंबली.

"खरं सांगा."

"सकाळी औषीद कालवलं. दोनदा धुतली म्या."

बयनाबाईने मला लाथेने उलटं केलं आणि काजळीवर तांब्यामागून तांब्या स्वच्छ पाणी ओतलं. चंपतराव आणखी पाणी आणायला विहिरीकडे धावला. कुंपणापलीकडून धावत आलेल्या मथुराबाईने अंडी पदरात घेतली आणि घरी नेऊन आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. काजळीच्या चोचीतून फेस येत होता, पाय आखडत होते. अंगणातलं ऊन कुंपणावर चढायच्या आत ती गेली.

बयनाबाई खूप रडली. मग तिने एक मोठा खिळा आणि दगड नवऱ्यापुढे ठेवला.

"पाडा भोक."

"एवढी चांगली बादली हाय, बयना."

"म्हनूनच. उद्या तुमी विसरान, मीबी विसरीन. चांगली दिसली की कोनीबी पानी भरन."

तिसऱ्या घावाला खिळा आरपार गेला. ज्या गुणासाठी मला निवडलं होतं तो गेला. दुखलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी मथुराबाईकडे नऊ पिल्लं निघाली. त्यांतली दोन काळी होती.

तेव्हापासून दहा वर्षं मी शेतातले दगडगोटे वाहिले. आता तेही काम उरलं नाही. मित्रांनो, औषधाचं भांडं वेगळं ठेवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझी विनंती आणखी एक आहे. चूक झाली तर विचारल्याबरोबर सांगा. 'काई नाई' म्हणण्यात चंपतरावाचा जेवढा वेळ गेला, तेवढा वेळ काजळीजवळ नव्हता.

पाऊस पडला की पाणी माझ्यातून खाली निघून जातं. कधी एखादी काळी कोंबडी तहानेने काठावर येऊन बसते, आत डोकावते, तळ कोरडा पाहते आणि ओढ्याकडे निघून जाते. ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे पाहत राहते.