गाडीखालचा माणूस

मंगलच्या इको गाडीचा सायलेन्सर चोरांनी अंगणातून कापून नेला, तेव्हा गावात ग्रामसुरक्षा दल काढायचा हट्ट तिनंच धरला. राजुरीजवळच्या आपल्या गावातून ती रोज बायकांना नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडायच्या कामाला नेऊन सोडायची. सायलेन्सरच्या आत कसलीशी महागडी भुकटी असते म्हणे; तिच्यापायी जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी इको गाड्या बोडक्या झाल्या होत्या.

हवालदार येऊन देवळापुढं बजावून गेले, "संशय आला तर गाडीचा नंबर घ्या, आम्हाला फोन करा. अंगाला हात लावू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. सावळेराम दलाचा प्रमुख झाला, मंगलचा दीर गोकुळ त्याचा उजवा हात. काठ्या, शिट्ट्या, हिरवी जाकिटं आली. मंगलनंही एक जाकीट घेतलं.

नवा सायलेन्सर बसवायला तिनं जुन्नरहून महंमद हनीफचाचांना बोलावलं. साठी उलटलेला, हळू बोलणारा माणूस. त्यांना गाडी दाखवून ती चहासाठी दूध आणायला दुकानात गेली. परत येते तो अंगणात ही गर्दी.

चाचांना पाय धरून गाडीखालून ओढून काढलं होतं. सदरा फाटलेला, ओठातून रक्त येत होतं. गोकुळचा गुडघा त्यांच्या पाठीवर होता. सावळेराम कमरेवर हात ठेवून गुटखा चघळत उभा होता. दोघंतिघं मोबाईलवर शूटिंग करत होते, आणि एकजण चाचांची हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडं वळवत होता.

"सोडा त्यांना. मी बोलावलंय," मंगल म्हणाली. दुधाची पिशवी कधी हातातून पडली, तिला कळलं नाही.

गोकुळ उठला, पण लाजला नाही. "वहिनी, आमाला काय म्हाईत? गाडीखाली शिरलेला दिसला."

"मी फिटर हाय म्हणून सांगत नव्हते का ते?"

"नाव सांगितलं की त्यानं," सावळेराम म्हणाला, "मंग आमी काय समजायचं?" आणि हसला. तिथंच बाजूला, चाचांच्या पान्ह्यांवर तो पचकन थुंकला. भोवतीचे चारदोन जण हसले.

यातल्या प्रत्येकाच्या घरी मंगल हळदीकुंकवाला गेली होती, प्रत्येकाला तिनं अडीनडीला गाडी दिली होती. तिनं अंगावरचं जाकीट काढून सावळेरामच्या पायापाशी टाकलं, पान्हे पदरानं पुसले आणि चाचांना हात देऊन उठवलं.

"जाऊ द्या ताई," चाचा म्हणाले. "मला रोज याच गावांतनं फिरायचंय."

"तुमी केस करू नका. मी करते. अंगण माझं हाय."

सायलेन्सर नसलेली ती गाडी डरकाळ्या फोडत गावातून निघाली. चाचांना दवाखान्यात दाखवून तिनं पोलीस ठाण्यात एकेकाचं नाव सांगितलं. गोकुळचंही.

नवरा गोरख रात्री जेवला नाही. "घरातल्या माणसावर केस?"

"घरातल्यानं केलं म्हणूनच," ती म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही.

पुढं चोर घाटाच्या नाक्यावर सापडले. लग्नाचं स्टिकर लावलेल्या पांढऱ्या मोटारीतून, कडक इस्त्रीच्या कपड्यांत ते फिरायचे. हवालदारांनी गावात येऊन सांगितलं, की याच गावातून ते दोनदा गेले होते, आणि गोकुळनं स्वतः दलानं रस्त्यावर आडवा लावलेला बांबू उचलून त्यांना वाट दिली होती. सावळेरामनं तर पाणी पाजलं होतं.

मंगलला वाटलं, आता तरी मान खाली घालतील. पण दुसऱ्या दिवशी सावळेराम रस्त्यातच तिच्या गाडीला आडवा आला.

"चांगल्या घरची वाटली व्हती राव ती पोरं," तो म्हणाला. "चूक कुनाची व्हत न्हाई? आता ती केस तेवढी मागं घे."

"चाचांना भेटलात?"

"त्यांना काय भेटायचं?"

मंगलनं त्याच्याकडं पाहिलं. दातांवरची तांबडी पुटं, ओठाच्या कोपऱ्यात सुकलेली लाळ. तिनं काच वर घेतली. मागं फक्त सरूबाई बसली होती. बाकीच्या बायका केस झाल्यापासून दुसऱ्या कुणाच्या जीपनं जात होत्या.

"चल गं," सरूबाई म्हणाली, "उशीर व्हतोय."

मंगलनं हॉर्नवर हात दाबून धरला. सावळेराम बाजूला होईपर्यंत तो उचलला नाही.