तुळसाला आवतण

"दिसतंय का?" पंढरी फोनमध्ये ओरडला.

"दिसतंय, पण मराठी नाही रे. वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलरची खूण," सिडनीहून जनी म्हणाली.

पंढरीने कपाळावर हात मारून घेतला. डोंबिवलीतल्या त्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तेच पान कसं छान, ठसठशीत मराठीत दिसत होतं. दोन दिवस हाच तमाशा. नव्व्याण्णव साल, जग म्हणे जवळ आलंय, आणि इथे आतेबहिणीला एक पानभर मराठी वाचायला देता येईना!

जनी तिकडे नर्स होती. शनिवारी तिचं लग्न, तिथेच एका हॉलमध्ये, कारण रजा मिळत नव्हती. तिची मागणी एकच, धवला पाहिजे. त्यांच्या आगरी घरांत लग्नाला धवलारीण लागते. ती धवला गाते, देवांना बोलावते आणि घरातल्या गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन मांडवात बोलावते. आयरे गावची धवलारीण म्हणजे या दोघांची आजी, ठमाबाई. आणि बोलवायचं होतं जनीच्या आईला, तुळसाला. जनी शाळेत असतानाच ती गेली होती. आजी सिडनीला जाऊ शकत नव्हती, म्हणून जनी स्वतःच धवला म्हणणार होती.

"आवतान नाय दिला त ती येल कशी?" ठमाबाई रोज विचारायची. तिने अख्खा धवला सांगितला, पंढरीने टाइप करून वेबसाइटवर चढवला, आणि तिथून सगळं बिनसलं.

"दादा, सरळ फॅक्स कर ना," जनीने पहिल्याच दिवशी सुचवलं होतं.

"फॅक्स? अगं, बाहेर बोर्ड लावलाय मी, वेबसाइट बनवून मिळेल म्हणून! फॅक्स काय कुणीही करतं."

झालं. बोर्डापायी सगळी फरफट. मराठी दिसायचं तर तिच्याकडे पंढरीचा फॉन्ट हवा, म्हणून त्याने फॉन्ट पाठवला. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर बाहेरचं काही घालायला बंदी! मग त्याने फॉन्ट पानातच बसवला. तर तो एकाच ब्राउझरमध्ये चालायचा आणि जनीकडे नेमका दुसरा. त्यात क्लासला लाइन एकच, नेट लावलं की फोन बंद, फोन लावला की नेट बंद. मग त्याने युनिकोडबद्दल वाचलं. जगातल्या प्रत्येक अक्षराला आपला आकडा, म्हणजे कुठेही तेच अक्षर दिसणार, वा! दिवसभर तक्त्यात बघून त्याने एकेक अक्षराचा आकडा घातला. पण आकडा असून उपयोग काय, कॉम्प्युटरकडे त्या अक्षराचा आकार तर हवा! जनीच्या पडद्यावर नुसते चौकोन आले. पंढरीच्या पडद्यावरही चौकोनच. निदान आता दोन्हीकडे सारखं दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी ठमाबाई स्वतः क्लासमध्ये येऊन बसली. "एवढा मोठा डबा घेऊन बसलास नि पोरीला अक्षर दिसत नाय? आग लाव त्याला!"

"आजे, तू गप बस गं जरा."

आता लाज धरून चालणार नव्हतं. त्याने निमूटपणे अख्ख्या धवल्याचं चित्र केलं. मराठीचं चित्र काढून पाठवणं त्याला कमीपणाचं वाटत होतं, पण लग्न उद्यावर आलेलं. मोडेम कुरकुरत राहिला, दोनदा मध्येच तुटला, पंढरीने त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. शेवटी चित्र चढलं. त्याने नेट बंद करून फोन लावला.

"आलं!" जनी किंचाळली. "दादा, मराठी! सगळं मराठी!"

"पहिल्यापासून वाच. मधलं काही गळलं नाही ना, बघू दे."

जनी वाचू लागली. गणपतीला आवतण झालं, गावदेवीला झालं. पंढरी आपल्या पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून बघत होता. आणि जनी थांबली.

"काय झालं? चौकोन आले का?"

पंढरीने रिसीव्हर कानावर घट्ट दाबला.

"जने, बोल ना! अर्धंच उतरलं असणार. आयला या नेटच्या! थांब, फोन ठेव, मी परत चढवतो."

"नको चढवू." ती रडायला लागली होती. "सगळं दिसतंय रे. आईचं नाव आलंय."

पंढरीचं बोट त्याच ओळीवर होतं. चार दिवसांत ती ओळ त्याने नाना तऱ्हेने टाइप केली होती, पण वाचली एकदाही नव्हती.

ठमाबाईने त्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. "रडू नको गो बाय. म्हण."

जनीने हळूच काहीतरी म्हटलं.

"असा पुटपुटून नाय. तुझे आयशीला कमी ऐकू याचा. वरडून बोलव."

आणि जनी ओरडली. रिसीव्हर आजीच्या कानाला होता, तरी पंढरीला लख्ख ऐकू आलं.

"तुळसाबाय गो आये, मांडवान ये गो!"

"हां," ठमाबाई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "आता येल."

तिकडे ओरडणं ऐकून हॉस्पिटलातलं कुणीतरी धावत आलं होतं. काही नाही, काही नाही, जनी त्यांना इंग्रजीत सांगत होती, आईला लग्नाला बोलावतेय.