मागे सरायला शिकलेली पेशी

मी एक मज्जापेशी बोलतेय. खरी नाही हं! खरी माशीच्या अळीच्या कातडीखाली असते, मी संगणकात. मला हाडमांस नाही, आई मात्र आहे. इथे प्रयोगशाळेत सगळे तिला बाई म्हणतात.

अळीची ही पेशी कातडीभर फांद्या पसरते. कुठे टोचलं, कुठे भाजलं ते कळायला नको? त्या फांद्या फुटतात कशा, हे बाईला शोधायचं होतं. तिने जिवंत अळ्यांच्या चित्रफितींवरून फांद्यांची वाढ मोजली आणि मला दोनच नियम दिले: पुढे वाढ आणि मध्येच फूट. झालं, मी सुटले! वाट दिसेल तिकडे घुसले, स्वतःच्याच फांद्यांवर चढले. त्या अवताराला पेशी म्हणणं म्हणजे न विंचरलेल्या केसांना वेणी म्हणणं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी मान वाकडी करून पाहिलं. "हा काय गुंता? खऱ्या पेशीत फांद्या अशा एकमेकींवर चढतात का? आठवड्याभरात जमलं तर ठीक, नाहीतर हिला पुसा आणि दुसरं काम घ्या."

"पुसायला काय, एक बोट पुरतं," बाई तोंडावर म्हणाली. "घडवायला वर्ष गेलंय."

त्या एका वाक्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे. साहेबापुढे माना डोलावणारे मी ढिगाने पाहिलेत.

मग ती सूक्ष्मदर्शकावर जिवंत अळ्यांचं चित्रण करणाऱ्या मैत्रिणीकडे गेली. दोघी चित्रफिती बघत बसल्या.

"अगं, ही टोकं मागे आखडतायत," मैत्रीण म्हणाली. " तुझ्या मोजणीत कुठेत ती?"

"गाळली. मला वाटलं, अळी हलली, चित्र बिघडलं."

"अळी नाही गं बये, तुझं डोकं हललंय!"

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. माणसांची खोडच ही. वाढलेलं तेवढं मोजतात, मागे गेलेलं दिसलं की यंत्राला दोष देतात.

तिने सगळ्या फिती पुन्हा मोजल्या आणि मला तिसरा नियम दिला: आपल्याच फांदीला टोक लागलं की मागे सर. पहिल्यांदा सरले तेव्हा वाटलं, संपले. पण जागा मोकळी झाली, आणि थोड्या वेळाने तिथेच नवी फांदी फुटली.

आठवडा संपला. बाईने सरांपुढे दोन चित्रं ठेवली. "खरी कुठली?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि माझ्यावर बोट ठेवलं. "ही. दुसरी तुमची. जरा बनावट वाटतेच."

"दुसरी अळीची आहे, सर."

सोबत आलेली मैत्रीण तोंडावर हात ठेवून खिडकीकडे वळली. सरांनी दोन्ही चित्रं जवळ ओढून पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "राहू द्या हिला."

आता नव्या संगणकात माझ्यासारख्या शेकडो एकदम वाढतात. मी जुन्यातच आहे. त्याचा पंखा कण्हतो, एक दिवस बंद पडेल. तक्रार नाही. नवं कोणी शिकायला आलं की बाई आधी मलाच उघडते, याहून काय हवं?

जाता जाता एवढंच मागते. उद्या तुम्ही एखादी पेशी घडवलीत आणि तिचं टोक मागे गेलं, तर लगेच पुसायला धावू नका. जरा दम धरा. ती कुठून फुटतेय ते बघा.