गुरुवारचा ट्रे
कौंटीतली नॅशनल गार्डची, म्हणजे अर्धवेळ सैनिकांची, पलटण परदेशातल्या तळावर रवाना झाली, तेव्हा हेमचंद्र आणि कांचन यांचा नकुलही तिच्याबरोबर गेला. एरवी तो शाळेत गणित शिकवायचा. "महिन्यातून एक वीकेंड कवायत, बाबा, एवढंच," म्हणत भरती झालेला मुलगा आता खऱ्या लढाईच्या तोंडावर उभा होता, आणि पिस्कॅटवे गावातल्या घरात दोघं म्हातारी फोनकडे बघत बसली होती.

पलटणीतल्या घरांनी एकमेकांकडे जेवण पोचवायचं ठरवलं होतं. सार्जंटची बायको डेनिस कोपऱ्यावरच राहायची. पहिल्याच गुरुवारी तिने दारात फॉइलच्या ट्रेमध्ये मॅकरोनी आणून ठेवली. हेमचंद्रांनी तो ट्रे घासूनपुसून लख्ख केला. रिकामं भांडं परत कसं द्यायचं? कांचनने त्यात रव्याचे लाडू भरले. बोलायची वेळ येऊ नये म्हणून हेमचंद्र बेल न वाजवताच तो डेनिसच्या पायरीवर ठेवून आले.

पुढच्या गुरुवारी तोच ट्रे ब्राउनी घेऊन हजर. मग इकडून चिवडा गेला. तिकडून कॉर्नब्रेड आला.

"अहो, ही बाई दमत कशी नाही?"

"आपणच थांबलो तर वाईट दिसेल."

व्हिडिओ कॉलवर नकुलला हे कळलं, तेव्हा तो खो खो हसला. "बाबा, दे आर डिस्पोजेबल! वापरून फेकायचे असतात ते. तिला वाटत असेल, तुम्ही रीफिल मागताय!"

हेमचंद्रांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते फिरायलाही उलट्या दिशेने जाऊ लागले. त्या आठवड्यात ट्रे ओट्यावरच पडून राहिला.

आणि शनिवारी बातमी आली. तळावर हल्ला झाला होता. तिकडचे फोन बंद होते. घरची माणसं पलटणीच्या कवायतीच्या हॉलमध्ये जमत होती.

"चला," कांचन म्हणाली.

"कुठल्या तोंडाने? डेनिस असेल तिथे."

"आहे त्याच तोंडाने चला. पोरगं तिकडे, आणि तुम्हाला ट्रेची लाज!"

हॉलमध्ये डेनिसने सरकून जागा दिली. "मिस्टर हेम, या आठवड्यात ट्रे आला नाही. घाबरलेच मी. नवरा तिकडे गेल्यापासून अंथरुणातून उठवत नव्हतं मला. पण पायरीवर तुमचा ट्रे दिसला की वाटायचं, आता काहीतरी रांधायलाच हवं."

हेमचंद्र तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

बऱ्याच वेळाने अधिकारी आला. सगळे जिवंत होते. दोघे जखमी होते, त्यांतला एक डेनिसचा नवरा. जास्त काही अधिकाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. डेनिस खुर्चीतच थिजली.

तेवढ्यात हेमचंद्रांचा फोन वाजला.

"बाबा, मी ठीक आहे. दोनच मिनिटं मिळालीत. आई कुठेय?"

कांचनने हात पुढे केला. पण हॉटेलात वेटरकडे पाणी मागायलाही कचरणारे हेमचंद्र भरल्या हॉलमध्ये चक्क ओरडले, "थांब! आधी डेनिसशी बोल. तिच्या नवऱ्याला पाहिलं असशील तर सगळं सांग तिला!"

डेनिसने फोन कानाला लावला. ती आधी रडली, मग रडता रडता हसायला लागली. "हात मोडलाय फक्त. आणि कॉफी पाणचट म्हणून नर्सशी भांडतोय म्हणे!"

फोन कट झाला. हेमचंद्रांनी भीत भीत बायकोकडे पाहिलं. "तुझं बोलणं राहिलं गं."

"तुम्ही ऐकलात ना त्याचा आवाज? मग झालं," म्हणत कांचन डोळे पुसून उठली आणि तिने डेनिसला कुशीत घेतलं.

हेमचंद्रांनी दोन्ही हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.